नकोसा केस आणि विजेची सुई

वाचकहो, या भाषणाचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. बायकांच्या ओठावरची लव आणि हनुवटीवरचे केस! हा काय इतिहासाच्या प्राध्यापकाने बोलायचा विषय झाला? राजे, लढाया, तह आणि सनदा यांतच ज्याला इतिहास दिसतो, त्याला तसे वाटणे साहजिक आहे. परंतु माणसाने आपल्या शरीराशी कसा व्यवहार केला, कोणते उपाय शोधले, कोणत्या उपायांनी तो फसला आणि ते फसणे कुणाच्या जिवावर बेतले, हाही इतिहासच आहे. त्यातही ज्या दुःखाविषयी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, त्या दुःखाचा इतिहास तर जरूर सांगितला पाहिजे; कारण न बोललेल्या दुःखावरच भोंदू माणसाचा धंदा सर्वांत चांगला चालतो.

शिक्षकांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. आठवी-नववीच्या वर्गात एखादी मुलगी उत्तर देताना तोंडावर हात किंवा ओढणी धरून बोलते. ती लाजाळू आहे असे आपण समजतो. पुष्कळदा कारण वेगळे असते. मागच्या बाकावरून कुणीतरी तिला “मिशीवाली” म्हटलेले असते. डहाणूच्या किनाऱ्यावरची चिकूची वाडी असो, तलासरीच्या डोंगराकडचा पाडा असो की आश्रमशाळा असो, ही गोष्ट सगळीकडे सारखीच. आता मोबाईल फोन पाड्यापाड्यावर पोचला आहे, आणि त्यावर जाहिरात दिसते: घरच्या घरी विजेच्या सुईने चेहऱ्यावरचे केस कायमचे घालवा. पेनाएवढे यंत्र, आत एक बॅटरी, पुढे एक बारीक सुई. पैसे भरले की पार्सल दारात. हे खरे की खोटे? याचे उत्तर “हो” किंवा “नाही” असे एका शब्दात देता येत नाही. त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. आणि त्याच्याही आधी थोडे पुराणात डोकवावे लागते.

नको असलेला केस काढण्याची धडपड फार जुनी आहे. दोऱ्याला पीळ देऊन केस उपटणे, चिमट्याने ओढणे, वस्तऱ्याने काढणे हे उपाय जगभर होते. लेप लावून केस काढण्याची विद्याही आपल्याकडे जुनीच. सुश्रुतसंहितेत जखमेवर करावयाच्या साठ उपायांची यादी आहे, तीत केस काढणे हा एक स्वतंत्र उपाय सांगितला आहे. त्यासाठी शंखाचे चूर्ण दोन भाग आणि हरताळ एक भाग घेऊन आंबट द्रवात वाटून लावावे, असा पाठ आहे. हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचे पिवळे खनिज. पश्चिम आशियातल्या हमामखान्यांतून चुना आणि हरताळ यांचा असाच लेप वापरीत असत. आपल्या भाषेत “हरताळ फासणे” हा वाक्प्रचार आहे ना, तो याच हरताळाचा. पोथीत अक्षर चुकले की त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते पुसून टाकीत. म्हणजे हरताळाने अक्षरही जाई आणि केसही जाई. गंमत म्हणून हे ठीक आहे. पण सोमल हे विष आहे हे विसरता कामा नये. आजच्या काळात हा जुना पाठ कुणी घरी करून पाहू नये.

या सर्व उपायांत एक गोष्ट समान होती. केस जाई, मूळ राही. शेतकऱ्याला हे अधिक समजावून सांगायला नको. बांधावरची हरळी विळ्याने कितीही कापा, जमिनीत मुळी आहे तोवर पाऊस पडला की ती पुन्हा हिरवी. केसाचेही तसेच. कातडीच्या आत एक बारीकशी पिशवी असते, तिच्या तळाशी केस तयार होतो. ती शाबूत असेपर्यंत वरून वस्तरा फिरवा नाहीतर लेप लावा, केस पुन्हा येणारच.

पुढे जाण्यापूर्वी आपल्याच महाराष्ट्रातली एक घटना सांगितली पाहिजे. कारण केस कसा काढावा याइतकाच, तो काढायचा की नाही हे कुणी ठरवावे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय समाजात नवरा वारला की बाईचे केशवपन करीत. बाईची इच्छा कुणी विचारीत नसे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली, आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असा निर्धार तेथे झाला. लोखंडे हे महात्मा फुले यांचे सहकारी, “दीनबंधु” पत्राचे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही साधी गोष्ट नव्हे. पोटाचा धंदा बाजूला ठेवून त्यांनी सांगितले की हे काम अन्यायाचे आहे. बाईच्या केसांविषयी बाईच्या मनाविरुद्ध काही होऊ नये, हा विचार आपल्याकडे त्या वेळी असा उघड्यावर मांडला गेला. तो विचार पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून येथे सांगून ठेवला.

आता विजेकडे वळू. १८०० साली इटलीतल्या व्होल्टाने पहिला विद्युतघट तयार केल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल या दोघांनी त्या घटाच्या तारा पाण्यात सोडल्या, तेव्हा पाण्यातून बुडबुडे येऊ लागले. पाण्याचे दोन वायू झाले! १८०७ साली हंफ्री डेव्हीने याच मार्गाने सोडियम व पोटॅशियम हे धातू वेगळे काढले. त्याचा शिष्य मायकेल फॅरेडे याने १८३३-३४ च्या सुमारास या क्रियेचे नियम बसवून दिले. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत हीच क्रिया “विद्युत अपघटन” या नावाने शिकवली जाते. फॅरेडेचा पहिला नियम शिक्षकांना पाठच असेल: जितकी वीज वाहील, तितका पदार्थ तयार होईल. हा नियम लक्षात ठेवा. ओठावरच्या एका केसाचा हिशेबही याच नियमाने होतो.

विजेचा आणि केसाचा पहिला संबंध जुळला तो सौंदर्यासाठी नव्हे, तर डोळ्यासाठी. आपल्याकडे खुपऱ्या म्हणून डोळ्यांचा रोग होता. जुन्या माणसांना तो चांगला आठवत असेल. खुपऱ्या वारंवार झाल्या की पापणीच्या आतल्या बाजूला व्रण पडतात, पापणी आत वळते आणि पापणीचे केस बुबुळावर घासू लागतात. रोज घासून घासून बुबुळ पांढरे होते आणि माणूस आंधळा होतो. तो केस चिमट्याने उपटला तरी काही आठवड्यांत पुन्हा येतो, आणि नवा केस अधिकच टोचतो. अमेरिकेतील सेंट लुइस या शहरी चार्ल्स मिशेल नावाचा नेत्रवैद्य होता. त्याच्यापुढे असे रोगी येत. त्याने एक बारीक सुई घटाच्या ऋण टोकाला जोडली, ती केसाच्या कडेने मुळापर्यंत सरकवली आणि धन टोक रोग्याच्या अंगाला लावून मंद प्रवाह सोडला. मुळाशी फेस आला, केस अलगद निघाला आणि पुन्हा उगवला नाही. १८७५ साली मिशेलने ही रीत छापून प्रसिद्ध केली.

जाता जाता एक समाधानाची गोष्ट सांगतो. ज्या खुपऱ्यांपायी ही युक्ती निघाली, त्या खुपऱ्या भारतात आता सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेल्या नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली जाहीर केले. स्वच्छ पाणी, स्वच्छ चेहरा आणि वेळेवर औषध यांनी हे काम झाले.

आता ही सुई नेमके काय करते ते पाहू. लोकांना वाटते की वीज केसाला जाळते. तसे नाही. आपल्या अंगात पाणी आहे, आणि त्या पाण्यात मीठ आहे. घाम चाखला की कळते. वसई-पालघरच्या किनाऱ्यावर जी मिठागरे आहेत, त्यांतल्या खाऱ्या पाण्याचाच हा लहान भाऊ म्हणा ना. मीठ आणि पाणी यांतून वीज गेली की तीन पदार्थ तयार होतात: हायड्रोजन वायू, क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा, म्हणजे साबण करताना वापरतात तो दाहक क्षार. सुई ऋण टोकाला जोडलेली असल्यामुळे हा क्षार सुईभोवती, म्हणजे थेट केसाच्या मुळाशी तयार होतो. मूळ त्यात विरघळते. प्रवाह इतका मंद असतो की तो मिलिअँपिअरच्या अंशांत मोजतात. वीज थोडी सोडली तर वेळ जास्त लागतो, जास्त सोडली तर कमी लागतो. तयार होणारा क्षार मात्र प्रवाह आणि वेळ यांच्या गुणाकाराइतकाच. फॅरेडेचा नियम तो हाच.

मिशेलची युक्ती पापणीवरून चेहऱ्यावर यायला फार वेळ लागला नाही. सेंट लुइसच्याच हार्डअवे या त्वचावैद्याने ती स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केसांसाठी वापरली. न्यूयॉर्कच्या जॉर्ज हेन्री फॉक्सने १८८६ साली या विषयावर पुस्तकच लिहिले. पुढे १९१६ साली पॉल क्री याने एकाच वेळी अनेक सुया लावण्याची पद्धत काढली, कारण एका सुईने काम फार रेंगाळे. १९२४ साली फ्रान्समधील लिओं येथील बोर्डिए याने रेडिओलहरींच्या जातीचा जलद उलटसुलट होणारा प्रवाह वापरून मूळ उष्णतेने मारण्याची रीत दाखवली. १९४५ साली हिंकेल आणि सेंट पिअर या दोघांनी क्षार आणि उष्णता या दोन्ही रीती एका यंत्रात आणून त्याचे पेटंट मागितले. ते त्यांना १९४८ साली मिळाले. आज सुईने केस काढणाऱ्या तज्ज्ञांच्या हाती याच तीन रीती आहेत. दीडशे वर्षांत यंत्रे सुधारली; पण एक सुई, एक केस, एक मूळ, हा मूळ हिशेब बदललेला नाही.

आणि नेमक्या याच संथपणाचा लोकांना कंटाळा आला. वाचकहो, आपल्या गोष्टीचा खरा दुःखाचा भाग येथून सुरू होतो. १८९५ साली राँटगेनने क्ष-किरण शोधले. दुसऱ्याच वर्षी व्हिएन्नात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टराने एका लहान मुलीच्या पाठीवरील केसाळ डागावर हे किरण सोडले, आणि केस गळून पडले. ना सुई, ना वेदना, ना एकेक केस मोजणे! मग काय विचारता? १९२० च्या दशकात अमेरिकेत “ट्रायको” नावाची क्ष-किरणांची यंत्रे शहरोशहरीच्या सौंदर्यगृहांतून बसली. आल्बर्ट गायसर नावाचा डॉक्टर त्यामागे होता. बाई खुर्चीवर बसे, चेहरा एका लाकडी पेटीपुढे धरी, बटण दाबले की काही मिनिटांत काम संपे. तिला काहीच जाणवत नसे, म्हणून ते निर्धोक समजले गेले. पुढे त्या बायकांच्या चेहऱ्याची कातडी जाड झाली, सुरकुतली, तिच्यावर व्रण झाले; कित्येकींना वर्षांनी कर्करोग झाला. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने या यंत्राविरुद्ध आवाज उठवला आणि १९३० च्या आगेमागे तो धंदा बसला. कातडीवरचे परिणाम मात्र धंद्याबरोबर संपले नाहीत.

त्याच सुमारास “कोरेम्लू” नावाचे एक क्रीम बाजारात आले. त्यात थॅलियम होते. थॅलियम म्हणजे ज्याने त्या काळी उंदीर मारीत ते विष. क्रीम ओठावर लावायचे, आणि डोक्यावरचे केस गळायचे. हातापायांच्या नसा निकामी व्हायच्या, दृष्टी जायची. १९३२ पर्यंत नुकसानभरपाईच्या दाव्यांनी ती कंपनी बुडाली. सौंदर्यप्रसाधनांवर कायद्याचा वचक असावा, ही मागणी तेथे अशा प्रकरणांतूनच जोर धरू लागली, आणि १९३८ साली अमेरिकेत तसा कायदा झाला. आपल्याकडे १९४० सालचा औषधांचा कायदा होता. त्यात सौंदर्यप्रसाधने आली ती १९६२ च्या दुरुस्तीने.

या दोन कहाण्यांतून काय घ्यायचे? त्या बायका मूर्ख नव्हत्या. लोक हसतील या भीतीने त्या गुपचूप गेल्या, कुणाला विचारले नाही, आणि अपाय झाल्यावरही पुष्कळशा गप्प राहिल्या. विषाला वाट करून दिली ती लाजेने. म्हणून मी म्हणतो की हा विषय उघडपणे बोलण्याचा आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे या. घरी वापरायच्या विजेच्या सुया काही आजच्या नाहीत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अमेरिकन मासिकांतून त्यांच्या जाहिराती येत असत. १९७० च्या दशकात पेनासारखी, बॅटरीवर चालणारी यंत्रे निघाली. पुढे नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी आणखी सुटसुटीत यंत्रे आली. त्यांचे तत्त्व मिशेलचेच. हातातल्या ओलसर धातूच्या भागातून प्रवाह शरीरात जातो आणि सुईच्या टोकाशी क्षार तयार होतो. तेव्हा अशा यंत्राने केसाचे मूळ मरू शकते, हे खरे आहे. परंतु दोन प्रकारांतला फरक ओळखा. काही यंत्रांत सुई नसते, नुसता चिमटा असतो. केस चिमट्यात धरा, वीज केसातून मुळापर्यंत जाईल, असे सांगतात. केस हा विजेचा वाहक नव्हे. कोरड्या केसातून वीज मुळापर्यंत पोचत नाही. अशा चिमट्याने केस कायमचे जातात याला पुरावा नाही. तो महागडा चिमटा, एवढेच.

बरे, सुईचे यंत्र खरे आहे असे धरले, तरी पुढे काय? पहिली अडचण हाताची. केसाची पिशवी कातडीत तिरकी असते. सुई त्याच कोनाने, तितक्याच खोलीपर्यंत, न टोचता सरकली पाहिजे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर हे करायलाही सराव लागतो. स्वतःच्या ओठावर, आरशात पाहून, डावे-उजवे उलटे दिसत असताना करणे किती कठीण, याचा विचार करा. सुई बाजूला गेली तर मूळ तसेच राहते आणि चांगली कातडी भाजते.

दुसरी अडचण वेळाची. समजा, एका केसाला एक मिनिट लागले आणि केस तीनशे आहेत, तर पाच तास झाले. एवढ्याने भागत नाही. सर्व केस एकाच वेळी वाढत नसतात; काही वाढतात, काही विसावा घेतात, काही गळून पुन्हा येतात. आज दिसले ते मारले, तरी महिन्या-दोन महिन्यांनी विसाव्यातले वर येणार. म्हणून तज्ज्ञाच्या हातूनही हे काम वर्षभर, कधी त्याहून अधिक चालते. “एका आठवड्यात कायमची सुटका” असे जो लिहितो, तो खोटे लिहितो, एवढे पक्के समजा.

तिसरी अडचण आपल्या सावळ्या कातडीची. आपल्या कातडीला इजा झाली की ती बरी होताना तेथे काळा डाग उरतो, आणि तो महिनोन्महिने जात नाही. काहींना व्रणाच्या जागी गाठीसारखा उंचवटा येतो. केस गेला आणि डाग राहिला, तर काय मिळवले? येथे डहाणू-तलासरीच्या बायकांना एक गोष्ट चटकन पटेल. आपल्याकडे गोंदण आहे. सुईने कातडीत रंग गेला की तो जन्मभर राहतो, हे प्रत्येक आजीच्या हातावर दिसते. विजेच्या सुईचेही तसे होऊ शकते. यंत्रात ऋण आणि धन टोकांची उलटापालट झाली, तर सुईचे लोखंडच झिजून कातडीत उतरते आणि काळा ठिपका कायमचा राहतो. न सांगता झालेले गोंदणच ते! म्हणून स्वस्त, बिननावाचे, खोलून दुरुस्त केलेले यंत्र चेहऱ्याजवळ नेऊ नये.

चौथी गोष्ट स्वच्छतेची. एका बाईची सुई दुसरीला कधीही नको, मग ती सख्खी बहीण का असेना. काविळीचा एक प्रकार आणि एड्स हे रोग सुईवरच्या न दिसणाऱ्या रक्तातूनही पसरू शकतात. पाड्यावर एक यंत्र आणून सर्वांनी वर्गणीने वापरायचे, हा विचार काटकसरीचा वाटला तरी घातक आहे. तीळ किंवा चामखीळ यांतून उगवलेल्या केसाला घरी सुई लावू नये. ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके चालवणारे यंत्र बसवले आहे त्यांनी विजेच्या सुईच्या वाटेला जाऊ नये. मधुमेह असलेल्यांनी व गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

“मग लेसरचे काय?” असे कुणी विचारील. लेसरचा शोध १९६० चा, आणि केसांसाठी तो १९९० च्या दशकात वापरात आला. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग शोधतो आणि तापवतो. पांढऱ्या केसावर त्याचा उपयोग होत नाही. शिवाय आपली कातडीही रंगाची असल्यामुळे चुकीचे यंत्र आणि अडाणी हात असला तर ती भाजते. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाच्या भाषेत लेसरने केस कायमचे “कमी” होतात, सुईने ते कायमचे “जातात”. शब्दातला हा फरक जाहिरातवाले मुद्दाम पुसून टाकतात.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. केस का येतात? ओठावर बारीक लव पुष्कळ बायकांना असते. ती घराण्याची ठेवण असते, रोग नव्हे. परंतु दाट, राठ केस हनुवटीवर, छातीवर येऊ लागले, पाळी अनियमित झाली, अंगावर मुरुमे आली, वजन वाढू लागले, तर अंतर्ग्रंथींच्या कामात बिघाड असण्याचा संभव असतो. १९३५ साली स्टाइन आणि लेव्हेंथाल या डॉक्टरांनी बीजकोशातील अनेक गाठी, पाळी चुकणे आणि अंगावर केस येणे यांचा संबंध दाखवला. आज त्याच विकाराला पीसीओएस म्हणतात आणि तो मुळीच दुर्मीळ नाही. अशा वेळी वरचे केस सुईने मारीत बसणे म्हणजे छप्पर गळते आहे ते न पाहता जमीन पुसत बसणे. नवे केस येतच राहणार. आणि थोड्याच महिन्यांत झपाट्याने केस आले, आवाज घोगरा झाला, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे. त्यामागे क्वचित गाठही असू शकते. डहाणू आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. यंत्राचे पैसे भरण्यापूर्वी तेथे दाखवावे. एकटीने जायला संकोच वाटत असेल तर गावच्या आशाताईला बरोबर घ्यावे.

या भागाचा आणि विजेचा संबंध मोठा विलक्षण आहे. याच जिल्ह्यात तारापूरला १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. डहाणूला १९९० च्या दशकात पाचशे मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. ते येऊ घातले तेव्हा चिकूच्या वाड्यांचे काय होईल, समुद्राचे काय होईल, असे प्रश्न डहाणूकरांनी विचारले, न्यायालयापर्यंत नेले. १९९१ साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि १९९६ साली न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले. म्हणजे वीज आली म्हणून डोळे मिटून हात जोडायचे नाहीत, तिला प्रश्न विचारायचे, ही सवय या मातीला आहे. मोठ्या केंद्राला विचारलेले प्रश्न हातातल्या लहान यंत्रालाही विचारता येतात. यातून काय बाहेर पडते? अपाय झाला तर जबाबदार कोण? लिहून दिले आहे का?

आणखी एक आठवण या मातीचीच. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली शेतमजूर हजारोंनी जमले, आणि वेठबिगार करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असे त्यांनी ठरवले. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उठलेला तो लढा सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या न्हाव्यांनी वस्तरा खाली ठेवला १८९० मध्ये. झरीच्या वारल्यांनी वेठीचे ओझे खाली ठेवले १९४५ मध्ये. प्रसंग निराळे, पण दोन्हींत सांगितले गेले ते एकच: माणसाच्या देहावर दुसऱ्याची जबरदस्ती चालणार नाही.

तोच न्याय येथे लावा. एखाद्या बाईला ओठावरचे केस नको असतील, तर ते काढण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. त्याला नटवेपणा म्हणून हिणवू नये. आणि एखादीला ते तसेच ठेवायचे असतील, तर तोही तिचा अधिकार आहे. लग्न जमवताना, नोकरी देताना, वर्गात बसवताना त्यावरून तिला कमी लेखू नये. तृतीयपंथी माणसांनाही हेच लागू. दोऱ्याने काढणे, कात्रीने कापणे, वस्तरा फिरवणे यांतही गैर काही नाही. वस्तऱ्याने केस दाट होतात हा निव्वळ समज आहे. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते राठ लागते, इतकेच.

शिक्षकबंधू आणि भगिनींनो, आपल्याला यात एक काम आहे, आणि ते औषधाचे नाही. विज्ञानाच्या तासाला मिठाच्या पाण्यात दोन तारा सोडून बुडबुडे दाखवता, त्या दिवशी दोन मिनिटे अधिक घ्या. याच क्रियेने काय होऊ शकते आणि जाहिरात कुठे खोटे बोलते, ते सांगा. “मिशीवाली” हा शब्द वर्गात ऐकू आला तर तो तेथेच थांबवा. तोंडावर हात धरून बोलणाऱ्या मुलीला सर्वांसमोर काही विचारू नका; नंतर बाईंनी तिला जवळ बोलावून सांगावे की हे पुष्कळांना होते, याला कारण असते, उपाय असतात, आणि घाई मात्र करायची नसते. एवढे जिने ऐकले, ती पुढे कोणत्याही पेटीपुढे गुपचूप चेहरा धरणार नाही.